एक माणूस वाढलंय, सरकून घ्या

लाहोर
मंगळवार, 23 मार्च 2004
रात्री साडेअकरा

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा मी बहुतेक तुझ्यासमोरच चहा पीत बसलेला असेन. तरी लिहितोय. शनिवारी फोनवर बोलणंच झालं नाही. "पोचलो, बरा आहे" एवढं म्हणेपर्यंत मीटर पळायला लागला आणि पाठीमागं सात-आठ माणसं ताटकळत उभी. शिवाय बाबांना लाहोरचा शिक्का असलेलं पाकीट हवंय. आज इथं सुट्टी आहे, म्हणून उद्या सकाळी माल रोडवरच्या मोठ्या पोस्टात टाकीन. आणि खरं म्हणजे, घरी आलो की सगळे मॅचचंच विचारत बसतील आणि मला जे सांगायचंय ते राहून जाईल.

निघताना एसटी स्टँडवर तू तीन वेळा बजावलंस, "गर्दीत शिरू नकोस, कडेकडेनं राहा." आई, या शहराला कडाच नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की माणसं, आणि एका घोळक्यातून सुटलं की पुढच्या गल्लीतला घोळका. चार दिवस मी गर्दीतच आहे. या चार दिवसांत जे काही चांगलं वाट्याला आलं, ते त्या गर्दीनंच आणून हातात ठेवलं.

वाघा आम्ही चालत ओलांडलं. मॅचची तिकिटं दाखवून व्हिसा मिळालेली माणसं शेकड्यांनी, कुणी तिरंगा पांघरलेला, कुणाच्या गालावर रंग. आपल्या बाजूचा हमाल माझी बॅग डोक्यावर घेऊन पांढऱ्या पट्ट्यापर्यंत आला आणि थांबला. पट्ट्यापलीकडं त्यांचा हमाल उभा होता. बॅग खाली न ठेवता या डोक्यावरून त्या डोक्यावर गेली. दोघांनी एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही, इतकी त्यांना सवय. मी मात्र बघत राहिलो. तू शिवलेला बॅगेचा तो निळा बंद पुढं चालला होता आणि मी मागं.

लाहोरात हॉटेलं सगळी भरलेली. तिसऱ्या ठिकाणी काउंटरवरच्या माणसानं मान हलवली तेव्हा संध्याकाळ झाली होती. मी, चाकणचा मित्र आणि त्याचा मेव्हणा, आम्ही तिघं पायरीवर बसलो. पाच मिनिटांत भोवती दहा माणसं जमली. इथं हे असंच होतं. एकानं विचारलं की दुसरा थांबतो, दुसरा थांबला की सायकलवरचा तिसरा पाय टेकतो. कुणी म्हणे माझ्या मेहुण्याचं गेस्टहाउस आहे, कुणी म्हणे थांबा, फोन लावतो. त्यातलेच एक गृहस्थ पुढं आले, पांढरी दाढी, हातात कोथिंबिरीची पिशवी. "हॉटेल का क्या करना है? घर है ना." झालं. कोथिंबीर माझ्या हातात दिली आणि बॅग स्वतः उचलली.

ते निवृत्त गणित शिक्षक. आम्ही त्यांना चाचाजी म्हणतो. घर कृष्णनगरात. सरकारी पाटीवर इस्लामपुरा लिहिलंय, पण रिक्षावाल्याला कृष्णनगरच सांगावं लागतं. घरात चाचीजी, मुलगा, सून, दोन नातवंडं आणि चाचाजींच्या आई. त्या ऐंशीच्या पुढच्या, 1947 ला जालंधरहून आलेल्या. सगळे त्यांना बेजी म्हणतात. आम्ही तिघं वाढल्यावर चाचीजींनी काही विचारलं नाही, कणीक जास्त भिजवली आणि नातवांना म्हणाल्या, सरका. एवढीच चौकशी.

आता पाडव्याचं ऐक. तुला वाईट वाटत असेल की पोरगं सणाला घरी नाही. रविवारी पहाटेच जाग आली. गुढी उभारायला काही नव्हतं आणि परक्याच्या गच्चीवर काठी उभी करणं मला बरं वाटेना. पण गल्लीच्या तोंडाशी कडुलिंबाचं झाड आहे, कोवळ्या तांबूस पानांनी भरलेलं. चाचाजींना सांगितलं की आज आमचं नवं वर्ष, कडुलिंब आणि गूळ खाऊन सुरू करतो. त्यांनी नातवाला झाडावर चढवलं. सुनेनं गूळ काढला. मी पानं वाटायला बसलो तेव्हा बेजी माझ्या हातातून वरवंटा काढून घेत म्हणाल्या, असं नाही, आधी देठं काढ. त्यांच्याकडेही लहानपणी चैत्रात कडुलिंब द्यायचे, रक्त साफ व्हायला. मग घरातल्या आठ-नऊ जणांनी एकेक गोळी तोंडात टाकली. धाकट्या नातवानं केलेलं तोंड तू बघायला हवं होतंस, आपला पिंट्या अगदी असंच करतो. शेजारणीनं कठड्यावरून विचारलं काय चाललंय, तर तिलाही एक गोळी गेली. दहा मिनिटांत अर्ध्या गल्लीला कडुलिंब पोचला. त्यानंतर हलवा-पुरी आली, कोपऱ्यावरच्या दुकानातून, कढईतून काढलेली. रव्याचा हलवा आपल्या शिऱ्यापेक्षा पातळ आणि केशरी, पुरी ताटाएवढी, सोबत चणे. सकाळी सातला त्या दुकानासमोर चाळीस तरी माणसं. दुकानदार कुणाचाही क्रम चुकवत नव्हता, पण आम्हाला पाहून रांगेनंच आम्हाला पुढं ढकललं.

मॅच. बाबांनी टीव्हीवर पाहिलीच असेल, पण टीव्हीवर दिसत नाही ते सांगतो. आमच्या ओळीत जागा आठ जणांची असेल, बसले होते अकरा. प्रत्येक नवा आला की कुणीतरी म्हणायचं, "सरको जी, एक बंदा होर ए," आणि ओळ सरकायची. माझ्या एका बाजूला शेखूपुऱ्याचा तांदळाचा व्यापारी, दुसऱ्या बाजूला कॉलेजातली दोन मुलं, त्यांच्या गालावर एकीकडं हिरवा चांदतारा आणि दुसरीकडं तिरंगा. इंझमामनं 123 काढल्या तेव्हा कानठळ्या बसल्या. पाकिस्तानच्या 293 झाल्या. आपले पाच गेले तेव्हा धावसंख्या 162. व्यापाऱ्यानं माझ्या मांडीवर थाप मारली, "दिल छोटा न करो," आणि डब्यातला कबाब पुढं केला. त्यानंतर द्रविड आणि कैफ खेळत राहिले, खेळतच राहिले. 76 आणि 71, दोघं नाबाद, आणि 45 षटकांत सामना संपला.

हरल्यावर गर्दी कशी वागते ते मी आपल्याकडं पाहिलंय. म्हणून शेवटच्या षटकांत झेंडा गुंडाळून पिशवीत ठेवला होता, तुला खोटं का सांगू. पण स्टेडियम उठून टाळ्या वाजवायला लागलं. त्या कॉलेजच्या मुलानंच माझी पिशवी उघडून झेंडा काढून दिला. "अंकल, अब तो निकालो." बाहेर पडताना दाराशी चेंगराचेंगरी होणार असं वाटत होतं, इतकी माणसं एका अंगानं निघालेली. कुणी धक्का दिला की "सॉरी भाईजान" ऐकू येई, आणि "इंडिया से आए हो?" हे तर दर पाच पावलांवर. आमचे तिघांचे हात किती जणांनी हातात घेतले त्याचा हिशेब नाही. आता मालिका दोन-दोन. उद्या शेवटची मॅच याच मैदानावर आहे, आणि चाचाजींच्या गल्लीत दोन दिवस दुसरा विषय नाही.

सोमवारी शहर बघितलं. जुन्या लाहोरला तेरा दरवाजे होते, त्यातले सहा उभे आहेत. आम्ही दिल्ली दरवाज्यातून आत गेलो. शनिवारवाड्यालाही दिल्ली दरवाजा आहे हे मी चाचाजींना सांगितलं, तर म्हणाले, दिल्लीकडं तोंड करून बसायची सवय सगळ्यांनाच होती. आत वझीर खानाची मशीद, शाहजहानच्या काळातली. भिंतींवर निळ्या-पिवळ्या रंगांच्या फरशांची नक्षी, आणि बाहेर चौकात कबुतरं, हातगाड्या, दात काढणारा, कान साफ करणारा, पितळी भांड्यांना कल्हई करणारा. गल्ली इतकी अरुंद की समोरून गाढवावर विटा आल्या तर आपण दुकानात शिरायचं. दुकानदार "आओ जी" म्हणून आत घेतो, गाढव गेलं की सोडतो, विकायचा आग्रह करत नाही. पितळेच्या एका दुकानात मी असा तीन वेळा शिरलो. तिसऱ्या वेळी त्यानं चहाच मागवला.

बाबांना एक सांग. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांनी गांधर्व महाविद्यालय काढलं ते याच शहरात, 5 मे 1901 ला. तोवर गाणं दरबारात नाहीतर उस्तादाच्या घरात. यांनी राजाचा आश्रय न घेता लोकांच्या पैशावर शाळा चालवली, कुणालाही फी भरून शिकता येईल अशी. परका मराठी माणूस इथं आला आणि या लोकांच्या भरवशावर उभा राहिला. भजनी मंडळात पेटीमास्तरांना हे माहीत असेल, पण लाहोरच्या गल्लीत उभं राहून ते आठवणं वेगळं असतं.

दुपारनंतर अनारकलीत गेलो, तुझ्या बांगड्यांसाठी. अनारकली म्हणजे तुळशीबाग आणि लक्ष्मी रोड एकत्र करून त्यात दिवाळीचा आदला दिवस ओतावा तशी. कापडाचे गठ्ठे, जरीच्या लेसा, खुस्से (ते टोक वळलेले चामडी जोडे), अत्तरं, आणि बायकाच बायका. बांगड्यांच्या बोळात मुंगीला वाव नव्हता. दुकानदारानं विचारलं, "दो-छह कि दो-आठ?" आणि मी गप्प. आई, इतकी वर्षं तुझ्या हातची भाकरी खातोय आणि तुझ्या बांगडीचं माप मला माहीत नाही. मला फार लागलं ते.

दुकानदार म्हणाला, अंदाजे घेऊन जा. पण शेजारच्या बाईनं ऐकलं होतं. तिनं विचारलं, अम्मी कशी आहे, माझ्याएवढी की हिच्याएवढी? दुसरी म्हणाली, उंचीवर काय असतं, हात सांग. मी म्हटलं, मनगट बारीक आहे पण अंगठ्याचं पेर जाड झालंय, बांगडी तिथं अडते. तोवर सहा-सात बायका माझ्याभोवती उभ्या राहून तुझ्या हाताची चर्चा करत होत्या. एकीनं हात पुढं केला, दुकानदारानं बांगडी चढवली, मी म्हटलं नाही, आईचा हात असा मऊ नाही. मग मागून एक बाई पुढं आली. मळका दुपट्टा, कसूरकडच्या गावातली, मुलीच्या लग्नाची खरेदी करायला आलेली. तिनं एकच विचारलं, "रोटी हाथ नाल थापदी ए? खेती?" मी म्हटलं, हो, भाकरी थापते, आणि पावसाळ्यात भाताची लावणी. ती म्हणाली, "ते फेर मेरा हत्थ नाप."

तिचा हात मी पाहिला आणि दुसरं माप घ्यायची गरजच राहिली नाही. तीच आडवी रेघ तळव्यावर, तेच जाड पेर, नखांच्या कडा तशाच काळवंडलेल्या. दुकानदारानं हिरवी काचेची बांगडी घेतली, तिचा अंगठा आत दुमडला, हाडाशी किंचित अडली, आणि सरकन मनगटावर गेली. दो-आठ. सिंधमधल्या हैदराबादेत घडलेल्या बांगड्या आहेत या, त्या देशातल्या बहुतेक काचेच्या बांगड्या तिथंच होतात. मी डझनाचे पैसे दिले. बांधून देताना पुडी जड लागली, म्हणून उघडून पाहिलं तर दोन डझन. दुकानदारानं बोट दाखवलं, तोवर ती बाई बोळात दिसेनाशी झाली होती. लेकीच्या लग्नाच्या पैशातून तिनं तुझ्यासाठी एक डझन घेतलं आई. मला तिचं नावही विचारता आलं नाही.

रात्री गवाळमंडीला नेलं चाचाजींनी. तो रस्ता संध्याकाळनंतर गाड्यांना बंद होतो आणि रस्ताभर टेबलं-खुर्च्या मांडतात. दोन्ही बाजूंना फाळणीच्या आधीच्या माड्या, लाकडी सज्जे, रंग दिलेले. लोखंडी तव्यावर दोन पात्यांनी मांस बारीक करतात, टकाटक टकाटक, त्या आवाजावरूनच त्या पदार्थाला टकाटक म्हणतात. एका टोकाकडून सुरू झालेला तो आवाज दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू येतो, जणू ढोलपथकातल्या ताशासारखा. रात्रीच्या बारालासुद्धा आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळं कुटुंब बाकावर. आपल्याकडं नऊला शटर पडतं, इथं नऊला माणसं घरातून निघतात. आम्हाला एकही बाक रिकामा दिसेना. एका कुटुंबानं न बोलता पोरांना मांडीवर घेतलं आणि तीन माणसांची जागा केली. त्यांनी त्यांची मासळी आमच्या पुढं सरकवली, आम्ही आमचा तवा त्यांच्या पुढं. बिल द्यायला उठलो तर "मेहमान हो" म्हणून दुकानदारानं पैसे घेतले नाहीत. मी जबरदस्तीनं नोट ठेवली, तर त्यानं तेवढ्याच पैशांची रबडी बांधून दिली.

सगळंच गोड नाही. टेबलं पुसणारी पोरं नऊ-दहा वर्षांची, सगळ्यांचं नाव "छोटे". रात्री एकला एक जण ताटं धुता धुता उभ्यानंच पेंगत होता, पाण्याचा नळ तसाच चालू. त्याच्याकडं त्या आनंदी गर्दीतलं कुणी बघत नव्हतं, आणि आपल्या हायवेवरच्या ढाब्यांवर आपणही बघत नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुसरं असं, की अनारकलीत एवढ्या बायका, पण जुन्या शहराच्या गल्ल्यांत अंधार पडल्यावर मला एकटी बाई दिसली नाही. चाचाजींची सून एम.ए. आहे, तीही नवरा किंवा दीर सोबत असल्याशिवाय रात्री निघत नाही. मी विचारलं तर म्हणाली, गर्दी तुम्हाला सांभाळते, मला बघते. हे मला विसरता येणार नाही. आपल्याकडं काय वेगळं आहे असं ताई विचारेल, तर तिला म्हणावं, तुझा प्रश्न बरोबर आहे.

आता आजचं. यासाठीच रात्री जागून लिहितोय.

इथं 23 मार्चला राष्ट्रीय सुट्टी असते. 1940 च्या मार्चमध्ये मुस्लिम लीगनं इथल्या मिंटो पार्कात मुसलमानांच्या वेगळ्या राज्यांच्या मागणीचा ठराव केला, त्याची आठवण. आता तिथं मीनार-ए-पाकिस्तान आहे. सकाळी सगळं घर तिकडं निघालं. मला आधी अवघडल्यासारखं झालं. ज्या ठरावानं बेजींचं जालंधर सुटलं आणि आपल्याकडच्या कितीकांचं लाहोर सुटलं, त्याच्या सोहळ्यात मी काय म्हणून उभं राहायचं? पण तिथं भाषण ऐकायला कुणी आलेलं दिसेना. हिरवळीवर चादरी पसरलेल्या, डबे उघडलेले, गोलगप्पे, उकडलेले चणे, रंगीत बर्फाचे गोळे, शिट्ट्या, हरवलेली पोरं, त्यांना शोधणारे मामा. समोर बादशाही मशिदीचे लाल मनोरे. भीमाशंकरच्या जत्रेत खाली डोंगरउतारावर लोक पंगती मांडतात ना, तसंच. बेजी चादरीवर बसून कुणाच्याही पोराला हाक मारून गाजर देत होत्या.

बेजींनीच विचारलं, तू आज सकाळपासून गप्प का? मग सांगितलं. की आमच्या गावाचं नाव राजगुरुनगर. खेड म्हणत होते, नंतर नाव बदललं, कारण शिवराम हरी राजगुरू आमच्या गावचे. भीमेच्या काठी त्यांचा वाडा आहे. भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू, तिघांना 23 मार्च 1931 ला संध्याकाळी फाशी दिलं, ते या लाहोरात, सेंट्रल जेलमध्ये. माझ्या वडलांनी येताना एकच काम सांगितलंय, जमलं तर त्या जागी डोकं टेकून ये.

चाचाजी लगेच म्हणाले, शादमान. जेल पाडून तिथं वसाहत झाली, फाशीघराची जागा शादमान चौकाच्या आसपास. संध्याकाळी त्यांनी मोटरसायकल काढली. साधा वर्तुळाकार चौक आहे तो आई. गाड्या गोल फिरतायत, कडेला रसवाला, फळांच्या गाड्या, गजरेवाला पोरगा. मला तिथं एकही पाटी दिसली नाही. साडेसात वाजत आले होते. मी रस्त्याच्या कडेला चपला काढून उभा राहिलो. कुठल्या दिशेला वाकायचं तेही कळेना.

रसवाल्यानं हाक मारली, काय हरवलंय का? चाचाजींनी सांगितलं. भगतसिंगचं नाव घेतल्यावर त्याचा चेहरा लगेच बदलला, म्हणाला, हां जी, आमचा तो, लायलपूरचा. (भगतसिंगांचं जन्मगाव बंगा त्याच जिल्ह्यातलं, आता त्याला फैसलाबाद म्हणतात.) मग नेहमीप्रमाणं माणसं थांबायला लागली. एक रिक्षावाला, दोन विद्यार्थी, एक म्हातारे वकील, फळवाला. सगळ्यांना भगतसिंग माहीत. राजगुरू कुणालाच माहीत नव्हते. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. मी सांगायला लागलो. की ते बावीस वर्षांचे होते. की घरातून निघून काशीला संस्कृत शिकायला गेले होते. की 17 डिसेंबर 1928 ला इथंच, लाहोरात, साँडर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्यावर पहिली गोळी त्यांनी झाडली. की सप्टेंबर 1929 मध्ये ते पुण्यात पकडले गेले. की फाशीची तारीख दुसऱ्या दिवशीची होती, पण लोक जमतील म्हणून सरकारनं ती आदल्या संध्याकाळीच उरकली आणि प्रेतं गुपचूप सतलजच्या काठी नेऊन जाळली.

वकील म्हणाले, त्यांच्या वडलांनी दुसऱ्या दिवशीची शोकयात्रा बघितली होती. हिंदू, मुसलमान, शीख, काळे झेंडे, हजारो माणसं याच शहरात रस्त्यावर होती आणि दुकानं बंद. सरकार ज्या गर्दीला घाबरलं ती शेवटी जमलीच.

एका विद्यार्थ्यानं मला नाव परत सांगायला लावलं. मी सांगितलं. त्यानं वहीच्या मागच्या पानावर उर्दूत लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं, "राजगुरू. खेड, पूना." बरोबर आहे का विचारलं. बरोबर होतं. गजरेवाल्या पोरानं तीन गुलाब दिले. मी पैसे पुढं केले तर रसवाल्यानं माझा हात मागं केला आणि त्या पोराला स्वतःच्या गल्ल्यातले दिले, फुकट नाही घ्यायचं त्याच्याकडून, त्याचंही पोट आहे, असं म्हणत. फुलं मी कठड्याच्या आत, गवतात ठेवली. डोकं टेकवलं. तेवढा वेळ फळवाल्यानं आपली हातगाडी माझ्या मागं आडवी लावून धरली होती, गाड्या अंगावर येऊ नयेत म्हणून. बाबांना सांग, काम झालं.

परत येताना रात्री गल्लीत पोरांचं क्रिकेट चालू होतं. टेनिसच्या चेंडूला चिकटपट्टी गुंडाळलेली, विजेच्या खांबाखाली. एक जण द्रविड झाला होता, त्यावरून भांडण, कारण त्यालाच बाद करता येईना. चाकणचा मित्र त्यांच्यात यष्टिरक्षक झाला आणि अजून वर आलेला नाही. खालून आवाज येतोय.

परवा, गुरुवारी निघू. चाचाजी म्हणतात थांबा, मार्चअखेर सूफी कवी शाह हुसेनांच्या दर्ग्यावर मेळा चिरागां भरेल, दिव्यांचा. माधोलाल हुसेन म्हणतात त्यांना, हिंदू माधो आणि मुसलमान हुसेन यांचं एकत्र नाव, आणि दोघांच्या कबरी शेजारी शेजारी. पण व्हिसा तेवढ्या दिवसांचा नाही. मला खरंच थांबायचं होतं.

बेजींनी तुला निरोप दिलाय, की पोराला कडुलिंब नीट वाटायला शिकव, देठं काढत नाही. चाचीजींनी वाळवलेली मेथी दिलीय, कसूरची. घरातल्या सगळ्यांनी नमस्कार सांगितलाय, तो त्यांच्या पद्धतीनं सलाम समज.

बांगड्या चाचीजींनी माझ्या स्वेटरच्या बाह्यांत एकेक डझन घालून गाठ मारलीय, म्हणजे प्रवासात फुटणार नाहीत. आल्या आल्या हात धुऊन बस. कासाराकडं जायचं नाही, मीच भरणार. अंगठ्याशी थोड्या अडतील, तिथं दाबायचं नाही, अंगठा आत दुमडायचा. मला त्या बाईनं दाखवलंय.

बाबांना साष्टांग नमस्कार. ताईला नमस्कार, पिंट्याला आशीर्वाद.

तुझा धाकटा